सव्हाना वाचली, विक्रांत गेली: फरक एका कागदाचा

जुनं जहाज जपायचं म्हटलं की आपल्याकडे भावना उसळून येतात आणि हिशोब कुणी मांडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ते का, हे एका परदेशी बोटीच्या गोष्टीतून सांगते. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. शेवटी विषय आपल्याच किनाऱ्यावर येणार आहे, तेव्हा मधूनच सोडू नका.

अमेरिकेत बाल्टिमोर बंदराच्या एका धक्क्यावर 'एन. एस. सव्हाना' नावाची पांढरीशुभ्र बोट उभी आहे. प्रवासी आणि माल नेणारी जगातली पहिली अणुशक्तीवरची बोट. दरवर्षी २२ मेला तिथे राष्ट्रीय सागरी दिन असतो, त्या सुमाराला ती सामान्य लोकांसाठी खुली करतात. यंदाच्या मे महिन्यात मी ती आतून पाहिली. ओळखपत्र दाखवायचं, रांगेत उभं राहायचं आणि शिडीवरून वर जायचं. तिकीट नाही.

ही बोट का बांधली ते आधी पाहू, कारण सगळं राजकारण तिथेच आहे. ८ डिसेंबर १९५३ ला राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांत 'शांततेसाठी अणू' हे भाषण केलं. हिरोशिमाला जेमतेम आठ वर्षं झाली होती. अणू म्हणजे बॉम्ब, हे जगाच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ते पुसायला काहीतरी डोळ्यांना दिसणारं हवं होतं. बोट हे त्यासाठी उत्तम साधन: बंदराबंदरांत जाते, लोक तिच्यावर चढून पाहू शकतात. १९५६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने मंजुरी दिली. न्यू जर्सीतल्या कॅम्डेनच्या गोदीत बांधणी सुरू झाली आणि २१ जुलै १९५९ ला मिसेस आयसेनहॉवर यांच्या हस्ते ती पाण्यात उतरली. एकूण खर्च सुमारे ४ कोटी ६९ लाख डॉलर. त्यातले २ कोटी ८३ लाख फक्त अणुभट्टी आणि तिच्या इंधनाचे. नाव ठेवलं १८१९ च्या 'सव्हाना' या बोटीवरून, जिने वाफेची मदत घेऊन पहिल्यांदा अटलांटिक ओलांडला होता. वाफेचं युग तिने सुरू केलं, अणूचं युग ही सुरू करेल, असा तो सगळा थाट.

आपलाही त्या काळाशी संबंध आहे. १९५५ मध्ये जिनिव्हाला अणुशक्तीच्या शांततामय वापरावर जी मोठी परिषद झाली, तिचे अध्यक्ष होते डॉ. होमी भाभा. आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकन बनावटीच्या, त्या १९६९ मध्ये वीज देऊ लागल्या. सव्हाना तेव्हा समुद्रात फिरत होती. म्हणजे तारापूर आणि ही बोट एकाच घरातली भावंडं म्हणायला हरकत नाही. एक जमिनीवर राबतंय, दुसरं निवृत्त होऊन धक्क्याला लागलंय.

बोटीवर पाऊल ठेवल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे धुराडं नाही. इतक्या मोठ्या बोटीला धुराडं नसणं डोळ्यांना खटकतं. लांबी जवळजवळ १८२ मीटर, नाक टोकदार, अंग निमुळतं. दुरून एखाद्या श्रीमंताच्या यॉटसारखी दिसते. आत शिरलात की १९६० सालचं हॉटेल. ६० प्रवाशांसाठी ३० केबिन, प्रत्येक केबिनला स्वतंत्र बाथरूम, सगळीकडे एअर कंडिशनिंग, पोहायचा तलाव, नाचायला जागा असलेला बार. कॅप्टनच्या टेबलामागच्या भिंतीवर 'फिशन' नावाचं मोठं वळणदार शिल्प आहे, पिअर बुर्देल या कलाकाराचं. अणूचं विभाजन पाहत पाहत सूप प्यायचं! मुदपाकखान्यात मायक्रोवेव्ह ओव्हन होता. आपल्याकडे घरोघरी स्टोव्ह आणि चूल होती, त्या काळातली ही गोष्ट.

पण खरं पाहण्यासारखं आहे ते इंजिनरूमच्या वरच्या बाजूचं सज्जासारखं ठिकाण. तिथे काचेतून खाली टर्बाइन आणि कंट्रोल रूम दिसते. हे संग्रहालयासाठी नंतर केलेलं नाही, मुळातच तसं बांधलेलं आहे. प्रवाशांनी आणि बंदरात आलेल्या पाहुण्यांनी वरून वाकून पाहावं, खाली इंजिनिअर शांतपणे मीटर बघतायत हे दिसावं आणि भीती जावी, हा हेतू. कंट्रोल रूममधल्या त्या राखाडी पॅनेलवरची बटणं, काटे, दिवे सगळं जागच्या जागी आहे.

यंत्र कसं चालायचं ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. भट्टीत युरेनियमच्या कांड्या. त्यांच्या उष्णतेने मोठ्या दाबाखालचं पाणी तापायचं. ते पाणी दुसऱ्या, वेगळ्या पाण्याची वाफ करायचं. ती वाफ टर्बाइन फिरवायची आणि टर्बाइन पंखा. म्हणजे शेवटी वाफेचीच बोट, फक्त कोळशाच्या किंवा तेलाच्या जागी युरेनियम. भट्टीची उष्णता ७४ मेगावॅट, बोटीचा वेग ताशी २१ सागरी मैल. भट्टीभोवती पोलादाचं भलं मोठं पिंप, त्याभोवती शिसं, काँक्रीट, प्लास्टिक. टक्कर झाली तर धक्का पेलावा म्हणून दोन्ही बाजूंना पोलाद आणि रेडवूड लाकूड यांचे एकाआड एक थर. हो, लाकूड! अणुबोटीच्या संरक्षणाला जंगलातलं झाड.

आता प्रश्न असा की इतकं सगळं नीट केलं, तर मग आज जगभर अणुशक्तीवरच्या मालवाहू बोटी का दिसत नाहीत?

सोपं उत्तर लोक देतात: अपघाताची भीती. सव्हानाच्या बाबतीत ते पुरेसं नाही. ती साडेचार लाख सागरी मैलांहून जास्त फिरली, त्यात सुमारे ७४ किलो युरेनियम खर्ची पडलं, भट्टीचा एकही मोठा अपघात झाला नाही. बंदरांमध्ये मिळून सुमारे १४ लाख लोक तिला पाहून गेले. यंत्राने आपलं काम चोख केलं. अडलं ते बाकी सगळीकडे.

पहिली अडचण पगाराची. अणुभट्टी चालवायला इंजिनिअरांना जादा प्रशिक्षण घ्यावं लागलं, म्हणून त्यांना जादा पगार ठरला. डेकवरचे अधिकारी म्हणाले, परंपरेने आमचा पगार इंजिनिअरांपेक्षा जास्त असतो, तो तसाच राहिला पाहिजे. लवादाने डेकवाल्यांच्या बाजूने निकाल दिला. इंजिनिअर चिडले आणि मे १९६३ मध्ये त्यांनी भट्टीच बंद केली. सरकारने बोट चालवणारी कंपनी बदलली, नव्या कंपनीच्या माणसांना पहिल्यापासून शिकवलं, त्यात जवळपास वर्ष गेलं. कोट्यवधींच्या विज्ञानाला कुणाचा पगार मोठा या भांडणाने धक्क्याला बांधून ठेवलं. आपल्या सरकारी कचेऱ्यांमध्ये असं काही पाहिलं असेल तर हसू नका, माणसं सगळीकडे सारखीच.

दुसरी अडचण मालाची. बोट देखणी करायची म्हणून नाक निमुळतं केलं, त्यामुळे पुढच्या कप्प्यांत माल भरणं किचकट. आणि नेमकं त्याच वेळी जग कंटेनरकडे वळत होतं. १९५६ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत 'आयडियल एक्स' नावाच्या एका जुन्या तेलवाहू बोटीवर ५८ कंटेनर चढले आणि मालवाहतुकीचं गणितच बदललं. ती बोट कुरूप होती, तिचं नाव आज फारसं कुणाला माहीत नाही. पण न्हावा शेवाला उभ्या असणाऱ्या प्रत्येक बोटीची पूर्वज तीच. सव्हानाने भविष्य इंजिनात शोधलं, ते क्रेनखाली सापडलं.

तिसरी अडचण बंदरांची. अणुबोट आपल्या बंदरात येऊ द्यायची की नाही, अपघात झाला तर भरपाई कोण देणार, यासाठी देशादेशांशी वेगळे करार करावे लागत. १९६२ मध्ये ब्रसेल्सला एक आंतरराष्ट्रीय करार तयार झाला, पण तो कधी अमलातच आला नाही. ज्या बोटीला प्रत्येक दारात परवानगी मागावी लागते, ती धंदा कसा करणार?

आणि चौथी, जी काचेच्या सज्जातून दिसत नव्हती: सांडपाणी. भट्टीशी संबंधित किंचित किरणोत्सारी पाणी साठवायला बोटीवर सुमारे १० हजार गॅलनची जागा होती. पहिल्याच वर्षात १ लाख १५ हजार गॅलन पाणी समुद्रात सोडावं लागलं. पुढे बदल केले, 'ॲटॉमिक सर्व्हंट' नावाचा खास तराफा ठेवला होता, तो धक्क्याला येऊन भट्टीची सेवा करायचा. पण मुद्दा लक्षात घ्या. ज्या बोटीचा जन्मच मुळी 'बघा, लपवण्यासारखं काही नाही' हे सांगायला झाला, तिच्यावरही बघायला काय ठेवायचं आणि काय नाही हे आधीच ठरलेलं होतं.

१९६५ मध्ये प्रवासी बंद झाले. प्रवासी घेऊन ती फिरली त्या सगळ्या काळात अवघे ८४८ लोक तिच्यावरून गेले. मग पाच वर्षं फक्त माल. तेल तेव्हा इतकं स्वस्त होतं की अणुबोट हा सरकारला पांढरा हत्ती वाटू लागला. १९७१ मध्ये भट्टीतलं इंधन काढून ती निवृत्त केली. आणि काळाची थट्टा बघा, दोन वर्षांतच अरब देशांनी तेल रोखलं. १९७४ पर्यंत जहाजी तेलाचा भाव टनाला २० डॉलरवरून ८० डॉलरवर गेला. त्या भावात सव्हाना चालवायचा खर्च साध्या बोटीपेक्षा जास्त आला नसता. पण तोवर दुकान बंद झालं होतं.

इतर देशांनीही करून पाहिलं. जर्मनीची 'ओटो हान' अकरा वर्षं अणूवर चालली, १९७९ मध्ये तिची भट्टी काढून डिझेल बसवलं. जपानची 'मुत्सु' १९७४ मध्ये पहिल्याच चाचणीत किरणं गळायला लागली, आणि मच्छीमारांनी तिला सुमारे दीड महिना बंदरात परत येऊ दिलं नाही. अखेर त्या बोटीचे तुकडे झाले, भट्टीचा भाग संग्रहालयात गेला, बाकीच्या सांगाड्यातून संशोधन करणारी दुसरी बोट उभी राहिली. रशियाची अणुशक्तीवरची बर्फफोडी 'लेनिन' मुर्मान्स्कच्या बंदरात २००९ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. तिला सांभाळणारे लोक आजही तशाच बर्फफोड्या चालवतात, म्हणून ती टिकली.

आता मुख्य मुद्द्यावर येते. सव्हाना कशी टिकली?

प्रेमामुळे म्हणाल तर प्रेम करून पाहिलं होतं. १९८१ मध्ये ती साऊथ कॅरोलायनामधल्या पॅट्रियट्स पॉइंट या नौदल संग्रहालयात नेली. शेजारी 'यॉर्कटाऊन' ही युद्धातली विमानवाहू नौका. लोक अर्थातच यॉर्कटाऊन बघायला जायचे. सव्हाना सजवायच्या योजना कागदावरच राहिल्या. १९९३ मध्ये तपासणी झाली, बोट सुक्या गोदीत घेऊन तळ दुरुस्त करायला हवा असं निघालं, आणि पुढच्याच वर्षी करार संपवून तिला व्हर्जिनियाच्या जेम्स नदीत, जुन्या सरकारी बोटींच्या रांगेत नेऊन उभं केलं. म्हणजे १९९१ मध्ये 'राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक' हा सर्वोच्च मान मिळाला, आणि तीन वर्षांत ती भंगाराच्या उंबरठ्यावर.

तिथून तिला वाचवलं ते तिच्या अंगातल्या किरणोत्साराने. इंधन काढलं तरी भट्टी आतच होती, आणि म्हणून अणुनियामक आयोगाचं लायसन्स चालू होतं. लायसन्स म्हणजे जबाबदारी. बोटीवर लक्ष ठेवायचं, मोजमापं घ्यायची, ती बुडू द्यायची नाही, आणि भट्टी बंद झाल्यापासून ६० वर्षांच्या आत, म्हणजे २०३१ च्या अखेरपर्यंत, सगळं साफ करून लायसन्स बंद करायचं. मालक कोण हे कागदावर स्पष्ट: सरकारचं सागरी प्रशासन. 'आमच्या खात्याचं नाही' म्हणायची सोयच नाही. त्या कायद्याच्या रेट्याने पैसा आला. २००८ पासून बोट बाल्टिमोरला आहे, आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये भट्टीचं मुख्य पात्र क्रेनने उचलून बाहेर काढलं. आणि हे सगळं होत असताना, माणसं कामाला आहेतच तर, सलून, केबिन, कंट्रोल रूम हेही जपलं गेलं.

म्हणजे काय झालं? जे लोकांना नको होतं, त्यामुळे जे लोकांना हवं होतं ते वाचलं.

याच्या शेजारी दुसरं उदाहरण ठेवा. बाल्टिमोरपासून दीडदोन तासांवर फिलाडेल्फियात 'एस. एस. युनायटेड स्टेट्स' उभी होती. १९५२ ची, अटलांटिक सगळ्यांत वेगाने ओलांडण्याचा विक्रम करणारी प्रवासी बोट. सव्हानापेक्षा कितीतरी लाडकी. तिच्यासाठी संस्था होती, देणग्या होत्या, चाहते होते. लायसन्स नव्हतं. धक्क्याच्या भाड्यावरून वाद झाला, कोर्टकचेरी झाली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तिला ओढून नेलं. फ्लोरिडाच्या एका काउंटीने ती विकत घेतली आहे, समुद्रतळाशी बुडवून माशांना आसरा आणि पाणबुड्यांना पर्यटन म्हणून. जिच्यावर प्रेम होतं ती चालली तळाशी, जिची भीती होती ती धक्क्यावर.

आता आपल्याकडे या.

'विक्रांत' आठवते ना? १९७१ च्या युद्धात कॉक्स बझार आणि चितगावला जिची विमानं उडाली ती. ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली. नंतर मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांना पाहता यायची, कितीतरी शाळांच्या सहली गेल्या असतील. भाषणं झाली, लेख आले, 'मराठी माणसाचा अभिमान' वगैरे झालं. पण ती कायमची चालवायला कुणी भागीदार मिळाला नाही. २०१२ मध्ये धोकादायक म्हणून बंद केली. लोक कोर्टात गेले, वरच्या कोर्टातही गेले. २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींना लिलाव होऊन दारूखान्यात तिचे तुकडे पडले. तिच्या लोखंडाची मोटरसायकल निघाली. आज मुंबईत तिच्या धातूचं एक स्मारक आहे, ज्याच्या शेजारून आपण सिग्नल सुटायची वाट बघत जातो.

मग 'विराट'. २०१७ च्या मार्चमध्ये निवृत्त. १ नोव्हेंबर २०१८ ला राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात, निवतीच्या समुद्रात संग्रहालय करायला ८५२ कोटींच्या प्रकल्पाला मान्यता दिली. बातम्या आल्या, मालवणात हॉटेलवाल्यांनी हिशोब मांडले. आणि २०२० च्या सप्टेंबरमध्ये विराट अलंगला गेली.

दोन्ही वेळी एकच गोष्ट घडली. अभिमान सगळ्यांचा होता, जबाबदारी एकाचीही नव्हती. नौदल म्हणणार आमचं काम लढायचं, राज्य म्हणणार केंद्राने पैसे द्यावेत, केंद्र म्हणणार राज्याने प्रस्ताव द्यावा, खासगी कंपनी म्हणणार यात नफा कुठे आहे. यात कुणी खलनायक नाही, आणि म्हणूनच हे जास्त वाईट आहे. खलनायक असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं.

याच देशात उलट उदाहरणही आहे. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर 'कुरसुरा' पाणबुडी २००२ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. का जमलं? एक, तिला पाण्यातून ओढून जमिनीवर काँक्रीटवर ठेवली, त्यामुळे सुक्या गोदीचा खर्चच संपला. दोन, शहराच्या विकास प्राधिकरणाकडे ती नेमकी सोपवली. पाणबुडी लहान असते हे मान्य, विमानवाहू नौका वाळूवर ठेवता येत नाही. पण तत्त्व तेच: आधी विचारा की दर काही वर्षांनी तळ खरवडायला, गंज काढायला, पंप चालवायला पैसे कोण देणार. मग फीत कापा.

जहाज हे घरासारखं नसतं. वाडा दहा वर्षं बंद ठेवला तर भिंतीला पिंपळ उगवतो, वाडा उभा राहतो. जहाज खाऱ्या पाण्यात उभं असतं, ते रोज थोडं थोडं खाल्लं जातं. कोकणातल्या कुठल्याही होडीवाल्याला विचारा, पावसाळ्यापूर्वी होडी वर ओढून तिची डागडुजी केली नाही तर पुढच्या हंगामाला काय होतं. त्याला संग्रहालयशास्त्र शिकवायला नको.

काही जण म्हणतील, भुकेल्या देशाला जहाजं कशाला जपायची? प्रामाणिक प्रश्न आहे. माझं म्हणणं असं की, जपायचीच असा हट्ट नाही. परवडत नसेल तर सन्मानाने मोडा, तिचे आराखडे, फोटो, खलाशांच्या आठवणी नीट नोंदवून ठेवा, एखादा भाग चांगल्या ठिकाणी ठेवा. तेही जपणंच आहे. पण पंधरा वर्षं 'करू करू' म्हणत बोट सडवायची आणि मग धोकादायक म्हणून विकायची, यात पैसाही जातो आणि बोटही जाते.

दुसरा आक्षेप असा येईल की सव्हाना तर फसलेला प्रयोग, तो कशाला दाखवायचा? मला तर वाटतं तोच दाखवायला हवा. जिंकलेल्या बोटी सगळेच दाखवतात. सव्हानावर फिरताना मी ज्या स्वयंसेवकाला प्रश्न विचारले, ते वयस्कर गृहस्थ पगाराचं भांडण, मालाची अडचण, सांडपाणी, सगळं मोकळेपणाने सांगत होते. सरकारने एवढा पैसा घातलेल्या प्रकल्पाबद्दल सरकारच्याच बोटीवर उभं राहून इतकं सरळ बोललेलं मी क्वचित ऐकलंय. आता परत छोट्या अणुभट्ट्यांची आणि अणूवरच्या मालवाहू बोटींची चर्चा जगात सुरू झाली आहे, कारण जहाजांचा धूर कमी करायचा आहे. ज्यांना त्यात पडायचं आहे, त्यांनी आधी बाल्टिमोरला जाऊन यावं. भट्टी चालते हे १९६२ मध्येच सिद्ध झालं. बंदर, विमा, पगार आणि सांडपाणी यांचं काय, हा पेपर अजून कुणी सोडवलेला नाही.

आपल्या कोकणासाठीही यात एक धडा आहे. जैतापूरला लोक जे प्रश्न विचारत होते, ते यातलेच होते: पाणी कुठे सोडणार, मासळीचं काय, नुकसान झालं तर भरपाई कोण देणार. त्याची उत्तरं शांतपणे आकड्यांत मिळायला हवी होती. २०११ च्या एप्रिलमध्ये तिथे पोलिसांच्या गोळीबारात एक आंदोलक गेला. प्रकल्प हवा की नको यावर मी आज बोलत नाहीये. एवढंच म्हणते की काचेचा सज्जा बांधून विश्वास मिळत नाही. हिशोबाची वही उघडी ठेवली तर मिळण्याची शक्यता असते.

आणि सव्हानाचं पुढे काय? गंमत अशी की तिचा खरा धोका आता सुरू होतोय. साफसफाई पूर्ण होऊन लायसन्स बंद झालं की ती इतर कुठल्याही जुन्या बोटीसारखी होईल. 'राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक' या पदवीमुळे सरकारला विचारविनिमय करावा लागतो, पण बोट कायमची ठेवलीच पाहिजे अशी सक्ती त्यात नाही. कुणी घ्यायला पुढे आलं तर संग्रहालय. नाही आलं तर काय, ते फिलाडेल्फियाच्या रिकाम्या धक्क्याला विचारा. विष निघालं की औषधही जाईल.

म्हणून माझी मागणी साधी आहे. 'गुलदार' ही निवृत्त युद्धनौका महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे आली आहे, निवतीजवळ पाण्याखालचं संग्रहालय करायचं ठरलंय. चांगली गोष्ट आहे, मनापासून शुभेच्छा. पण या आणि यापुढच्या प्रत्येक जहाजासाठी राज्याने आधी तीन गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात. एक, जबाबदार अधिकारी कोण, नाव नव्हे, पद. दोन, देखभालीचा निधी उद्घाटनाच्या खर्चापासून वेगळा, आणि तो दुसरीकडे वळवता येणार नाही असा. तीन, दरवर्षी तपासणीचा अहवाल लोकांसाठी खुला. सव्हानाला हे तिन्ही मिळालं ते किरणोत्सारामुळे. आपल्या जहाजांना ते मिळवायला अंगात अणुभट्टी असण्याची गरज पडू नये.

सिंधुदुर्ग, रत्नागिरीतल्या आणि मुंबईतल्या वाचकांना विनंती: आपल्या आमदाराला, पालकमंत्र्यांना पुढच्या कार्यक्रमात हे तीन प्रश्न विचारा. उत्तर मिळालं तर इथे कमेंटमध्ये टाका. नाही मिळालं तर तेही टाका, तारखेसकट. एक वही आपणही ठेवू.